‘वजन कमी करा’ याच्या पुढचे वाक्य

सरकारी रुग्णालयातील मधुमेहाच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी साडेनऊच्या सुमारास रांग दाराबाहेर गेलेली असते. आधी केसपेपर, मग वजनकाटा, मग रक्तदाब, मग साखरेचा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांसमोरचे स्टूल. वजनकाट्यापाशी उभी असलेली व्यक्ती आकडा मोठ्याने सांगते, कारण तो लिहून घेणारी व्यक्ती पलीकडच्या टेबलावर बसलेली असते. ‘ब्याऐंशी!’ रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाते. ज्यांचे वजन ब्याऐंशी असते, त्या पदर सावरत खाली उतरतात.

आत गेल्यावर बोलणे साधारण असे होते. ‘मावशी, साखर वाढलीय. वजन कमी करा. गोड बंद, भात बंद, रोज चालायला जा. पुढच्या महिन्यात या.’ मावशी मान हलवतात, ‘बरं डॉक्टर’ म्हणतात आणि औषधाच्या खिडकीपुढच्या रांगेत जाऊन उभ्या राहतात. हे सगळे दोन-तीन मिनिटांत संपते.

या संवादात वैद्यकीयदृष्ट्या चुकीचे वाक्य शोधू गेल्यास फारसे काही सापडणार नाही. तरीही तीन महिन्यांनी तोच संवाद त्याच शब्दांत पुन्हा होतो, वजन मात्र त्र्याऐंशी झालेले असते. आणखी काही महिन्यांनी तो होतही नाही, कारण मावशींनी येणेच बंद केलेले असते. मधुमेहाच्या डॉक्टरांना खरी भीती असते ती या न येणाऱ्या माणसांची. ती पुढे कधीतरी येतात, पण तेव्हा पायाला न भरणारी जखम असते, नाहीतर डोळ्यापुढे जाळे आलेले असते. मधल्या काळात का आला नाहीत, असे विचारले तर उत्तर बहुधा एकच मिळते. ‘वजन काही कमी होईना. परत बोलणी खायला कशाला यायचं?’

प्रश्न छोटा नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात मधुमेह असलेल्यांची संख्या सुमारे १० कोटी १० लाख आहे, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. त्याच पाहणीत सुमारे ४० टक्के प्रौढांमध्ये पोटाचा घेर प्रमाणाबाहेर आढळला. एवढ्या लोकांशी वजन आणि साखर या दोन विषयांवर कोणीतरी बोलायचे आहे. ते कसे बोलायचे याचा अभ्यास मात्र वैद्यकीय शिक्षणात औषधांच्या मानाने फारच थोडा होतो.

वेळ किती, आणि तो जातो कुठे

आधी वेळेचे पाहू. जगभरातल्या प्राथमिक आरोग्यसेवेत डॉक्टर एका रुग्णाला किती वेळ देतात, याचा आढावा २०१७ मध्ये बीएमजे ओपन या नियतकालिकात आला होता. स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटे, बांगलादेशात ४८ सेकंद, आणि भारतात साधारण दोन मिनिटे. डॉक्टरांची संख्या, रुग्णांची संख्या आणि खोल्यांची संख्या यांचे हे गणित एकट्या डॉक्टरच्या सदिच्छेने सुटणारे नाही, हे मान्य करूनच पुढे जायला हवे.

पण असलेला वेळ कुठे जातो, हेही पाहण्यासारखे आहे. बेकमन आणि फ्रँकेल या अमेरिकन संशोधकांनी १९८४ मध्ये डॉक्टर-रुग्ण संवादांच्या ध्वनिफिती तपासल्या. रुग्ण आपली तक्रार सांगू लागल्यापासून सरासरी १८ सेकंदांत डॉक्टर त्याला तोडतात, असे त्यांना आढळले. हा शोध आता चाळीस वर्षांचा झाला, तरी सवय काही बदललेली नाही. मधुमेहाच्या तपासणीत तर रुग्णाला पहिले वाक्यही मिळत नाही. रिपोर्ट आधी बोलतो आणि डॉक्टर रिपोर्टला उत्तर देतात.

रुग्णही हे ओळखून असतात. म्हणून अनेक जण रिपोर्ट ‘चांगला’ यावा याची तयारी करतात. तपासणीच्या आधी दोन-तीन दिवस कडक पथ्य, आदल्या रात्री जवळजवळ उपास, आणि महिनाभर विसरलेल्या गोळ्या त्या तीन दिवसांत वेळच्या वेळी. उपाशीपोटीची साखर मग बरी दिसते, पण तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीएवनसी ही तपासणी पितळ उघडे पाडते. डॉक्टर चिडतात. वास्तविक, शिक्षक रागावतील म्हणून मुलाने प्रगतिपुस्तक लपवावे, तसा हा प्रकार आहे. त्यातून रुग्णाच्या स्वभावापेक्षा त्या खोलीतल्या वातावरणाविषयीच अधिक कळते.

तीस सेकंदांचा प्रयोग

वजनाचा विषय काढला की रुग्ण दुखावला जाईल, आणि शिवाय वेळही नाही, म्हणून डॉक्टर तो टाळतात किंवा उरकून टाकतात. ही भीती कितपत खरी, हे ऑक्सफर्डच्या पॉल अव्हेयार्ड आणि सहकाऱ्यांनी एका मोठ्या चाचणीत पाहिले. ती २०१६ मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. इंग्लंडमधील १८८२ रुग्ण त्यात होते, आणि ते डॉक्टरांकडे वजनासाठी आलेच नव्हते. सर्दी, पाठदुखी, रक्तदाब अशी वेगळीच कारणे होती. भेटीच्या शेवटी डॉक्टरांनी फक्त ३० सेकंद वजनाबद्दल बोलायचे होते. निम्म्या रुग्णांना ‘वजन कमी केले तर तब्येतीला फायदा होईल’ एवढेच सांगितले गेले. उरलेल्यांना त्याच अर्ध्या मिनिटात एका १२ आठवड्यांच्या मोफत कार्यक्रमाची माहिती देऊन तिथे नाव नोंदवून दिले गेले.

वर्षभरानंतर पहिल्या गटाचे वजन सरासरी एका किलोने उतरले होते, दुसऱ्याचे जवळपास अडीच किलोंनी. अडीच किलो म्हणजे फार मोठे यश नव्हे, पण अर्ध्या मिनिटाच्या मानाने वाईट मुळीच नाही. अधिक महत्त्वाचे असे की दहापैकी आठ रुग्णांना हे बोलणे योग्य आणि उपयोगाचे वाटले. अयोग्य आणि निरुपयोगी असे दोन्ही वाटणारे शंभरात एकही भरले नाहीत. लोकांना वजनाविषयी बोललेले नको असते, हा समज तिथे तरी टिकला नाही.

त्याच चाचणीतल्या काही भेटींचे ध्वनिमुद्रण संशोधकांनी नंतर बारकाईने ऐकले, आणि त्यातून निघालेले दोन निष्कर्ष कुठल्याही ओपीडीच्या भिंतीवर लावावेत असे आहेत. पहिला असा की डॉक्टरांचा बहुतेक सल्ला धूसर होता. ‘थोडे कमी खा, थोडे जास्त चाला.’ कमी म्हणजे किती, कशातले, कधी, यातले काही नाही. दुसरा निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि तो सुराविषयी आहे. ज्या डॉक्टरांनी हा विषय चांगली बातमी सांगावी तसा मांडला, म्हणजे ‘तुमच्यासाठी एक सोय आहे, तुम्हाला जमेल’ अशा थाटात, त्यांच्या रुग्णांचे वजन वर्षात सरासरी पावणेपाच किलोंच्या आसपास उतरले. लठ्ठपणाच्या धोक्यांची यादी वाचणाऱ्या किंवा कोरडेपणाने सांगणाऱ्या डॉक्टरांच्या रुग्णांमध्ये घट बरीच कमी होती. घाबरवल्याशिवाय माणूस ऐकत नाही, असे मानणाऱ्यांची आपल्याकडे कमतरता नाही. पाय कापावा लागेल, किडनी जाईल, ही वाक्ये ओपीडीत रोज ऐकू येतात. घाबरलेला माणूस दोन आठवडे कारल्याचा रस पितो आणि तिसऱ्या आठवड्यापासून रुग्णालयाची वाट बदलतो.

तब्येत म्हणजे नेमके काय

इंग्लंडमधले निष्कर्ष जसेच्या तसे इथे आणता येत नाहीत. एक तर इथे नाव नोंदवून द्यायला तसा कार्यक्रम बहुतेक ठिकाणी नसतो. दुसरे म्हणजे वजनाविषयीची आपली भाषाच वेगळी आहे. मराठीत ‘तब्येत’ या एकाच शब्दात आरोग्यही येते आणि अंगकाठीही. लग्नानंतर मुलगी जरा भरली की ‘तब्येत सुधारली’ म्हणतात. खात्यापित्या घरचा माणूस म्हणजे पोट सुटलेला माणूस. उलट, वजन उतरले की ‘आजाराने पार खंगली गं’. या समजाला आधारही आहे. क्षयात माणूस वाळतो हे पिढ्यानपिढ्या पाहिलेले आहे, आणि साखर फार वाढली की मधुमेहातही वजन झपाट्याने घटते. त्यामुळे डॉक्टरांच्या सांगण्यावरून चार किलो कमी केलेल्या बाईला शेजारणी विचारतात, ‘साखर फार वाढली का हो?’ पुढच्या महिन्यात ते चार किलो परत आलेले असतात.

ही टोचणी येणार, हे आधीच सांगून ठेवणारा डॉक्टर रुग्णाची मोठी मदत करतो. ‘लोक म्हणतील वाळलात. त्यांना सांगा, डॉक्टरांनी मुद्दाम करायला सांगितलंय.’ या एका वाक्याला खर्च काही नाही.

दुसरी इथली गोष्ट म्हणजे स्वयंपाक. पुरुष रुग्ण तपासणीला येतो तेव्हा बायको सोबत असते आणि डॉक्टर पथ्य तिलाच सांगतात. बाई रुग्ण असते तेव्हा ती बहुधा एकटी येते, आणि पथ्य तिलाच सांगितले जाते. घरात सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेले संपवण्याचे काम तिचे, ते शिळा भात फोडणीला टाकण्यापर्यंत. तिला ‘भात बंद’ सांगणे म्हणजे घरातल्या एका व्यवस्थेविरुद्ध एकटीने उभे राहायला सांगणे. ‘घरी सगळ्यात शेवटी कोण जेवतं?’ हा प्रश्न आहारतज्ज्ञांच्या कुठल्या तक्त्यात नसेल, पण त्याचे उत्तर उष्मांकांच्या हिशेबापेक्षा जास्त सांगून जाते.

चहाचेही तसेच. ‘गोड खाता का?’ विचारले तर नव्वद टक्के रुग्ण ठामपणे ‘नाही’ म्हणतील, आणि ते खोटे बोलत नसतात. गोड म्हणजे त्यांच्या लेखी जिलबी आणि पेढा, चहा नव्हे. दिवसातून पाच वेळा चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर धरली, तर सुमारे पन्नास ग्रॅम साखर म्हणजे दोनशे उष्मांक होतात. ‘सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत काय काय तोंडात जातं, ते क्रमाने सांगा’ असे विचारले की चहा येतो, चहाबरोबरची बिस्किटे येतात, चतुर्थीची साबुदाण्याची खिचडी येते, आणि साखरेऐवजी गूळ घातला म्हणजे चालतो हा समजही येतो. भाकरीने साखर वाढत नाही म्हणून तीनाच्या जागी पाच भाकऱ्या खाणारेही भेटतात. ज्वारी चांगलीच, पण तीही पिष्टमय पदार्थच आहे, पोटात गेली की साखरच होते.

‘काही खात नाही, तरी वाढतंय’

हे वाक्य ऐकून डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे हसू येते, ते रुग्णाला बरोबर कळते. या हसण्याने जितके रुग्ण तुटले असतील तितके कुठल्या दुष्परिणामाने तुटले नसतील. आणि पुष्कळदा रुग्णाचे म्हणणे निदान अर्धे खरे असते.

कारण मधुमेहावरची काही औषधे स्वतःच वजन वाढवतात. ग्लिमेपिराइड ही स्वस्त आणि प्रभावी गोळी सरकारी रुग्णालयांत सर्रास दिली जाते. ती शरीरातले इन्सुलिन वाढवते, त्याने साखर उतरते, क्वचित फारच उतरते. अकराच्या सुमारास हातपाय थरथरतात, घाम फुटतो, कडकडून भूक लागते, आणि माणूस हाताला येईल ते खातो. रुग्ण याला ‘अशक्तपणा’ म्हणतो. डॉक्टर पुढच्या भेटीत वाढलेले वजन पाहतात आणि खाण्यावर ताबा नाही असा निष्कर्ष काढतात. वास्तविक कमी करायला हवी असते ती गोळीची मात्रा. इन्सुलिनने आणि पायोग्लिटाझोननेही वजन वाढते. मेटफॉर्मिनने सहसा वाढत नाही, आणि लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्यांनी दोन-तीन किलो उतरते. म्हणून लठ्ठ मधुमेहीच्या केसपेपरवर ‘वजन कमी करा’ लिहिण्याआधी वर लिहिलेल्या औषधांकडे एकदा पाहणे हे डॉक्टरचे पथ्य आहे.

मधुमेहाबाहेरची औषधेही विचारावी लागतात. मानसिक आजारांवरची काही औषधे, स्टेरॉइड, आणि विशेषतः गुडघेदुखीसाठी कुठून कुठून आणलेल्या बिननावाच्या पुड्या, ज्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. रुग्ण आपण होऊन त्या सांगत नाही. ‘आणखी कोणाचं औषध चालू आहे? मी रागावणार नाही’ असे म्हटले तर पिशवीच्या तळातून पुडी निघते. आणि ती एका दिवसात बंद करायला सांगणे धोक्याचे ठरू शकते, म्हणून ती निघणे फार आवश्यक असते.

शरीराचा स्वतःचा विरोध हा तिसरा भाग. मेलबर्नमधील संशोधकांनी २०११ मध्ये दाखवून दिले की आहार कडक कमी करून वजन उतरवलेल्या माणसांमध्ये भूक वाढवणारी संप्रेरके एक वर्षानंतरही चढलेलीच राहतात. वजन उतरल्यावर शरीर ते परत मिळवायच्या मागे लागते. हे रुग्णाला सांगितले, तर परत वाढलेल्या वजनाचा अर्थ त्याच्या दृष्टीने बदलतो. अकरा देशांतल्या साडेचौदा हजार लठ्ठ व्यक्तींच्या एका पाहणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, दहापैकी आठ जणांनी वजन कमी करणे ही सर्वस्वी आपलीच जबाबदारी असल्याचे सांगितले होते, आणि डॉक्टरांशी पहिल्यांदा त्यावर बोलायला त्यांना सरासरी सहा वर्षे लागली होती. ही पाहणी लठ्ठपणाची औषधे बनवणाऱ्या एका कंपनीच्या पैशाने झाली, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. पण जे चित्र तिने दाखवले, ते कोणत्याही ओपीडीत दिसते. त्या सहा वर्षांत माणूस स्वतःला दोष देत आणि घरचे त्याला दोष देत राहतात, आणि मधुमेह आपले काम करत असतो.

बारीक माणसाचे पोट

याच्या उलट एक रुग्ण असतो, ज्याच्याशी वजनाबद्दल कोणी बोलतच नाही. हातपाय बारीक, चेहरा बसलेला, वजन पासष्ट किलो. साखर दोनशेच्या वर. डॉक्टर म्हणतात, ‘तुमचं वजन तर ठीक आहे.’ पोट मात्र शर्टाच्या बटणांना ओढत असते.

या रुग्णाची गोष्ट जगाला समजावून दिली ती पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी. त्यांनी आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये लॅन्सेटमध्ये स्वतःच्याच शरीराची तुलना छापली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा होता, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. भारतीय माणूस दिसायला बारीक असूनही आतून चरबीयुक्त असू शकतो, हे एका छायाचित्राने आणि दोन आकड्यांनी सांगून टाकले. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची सीमा २५ ऐवजी २३ आणि लठ्ठपणाची ३० ऐवजी २५ धरतात, आणि कंबरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत असावा असे सांगतात. कंबर मोजायला एक टेप लागते. ती बहुतेक ओपीडींच्या खणात असते, आणि बहुतेक वेळा खणातच राहते.

खोलीतल्या इतर वस्तूंचेही असेच आहे. जाड दंडाला नेहमीच्या मापाचा पट्टा गुंडाळला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. २०२३ मधील एका अमेरिकन अभ्यासात अतिमोठा पट्टा लागणाऱ्यांना साधा पट्टा लावल्यावर वरचा आकडा सरासरी साडेएकोणीसने जास्त आला. एवढ्या फरकावर एखाद्याला आयुष्यभराची गोळी सुरू होऊ शकते. मोठा पट्टा मागवणे, वजनकाटा पडद्याआड नेणे, आकडा मोठ्याने न सांगता चिठ्ठीवर लिहून देणे, ही कामे एका अर्जाची आणि एका दुपारची आहेत.

परवानगी, एक गोष्ट, आणि उलट सांगणे

मग दोन-तीन मिनिटांत करायचे काय? ज्या ठिकाणी हे बरे जमते, तिथे बोलण्याचा क्रम थोडा वेगळा असतो. आधी परवानगी. ‘ताई, वजनाबद्दल दोन शब्द बोललं तर चालेल का?’ नाही म्हणणारे फार थोडे असतात, आणि त्यांच्यासाठी पुढची भेट असते. मग ‘आजवर काय काय करून पाहिलंत?’ हा प्रश्न. उत्तरात निदान एखादी जमलेली गोष्ट असतेच, आणि तिथून सुरुवात करता येते. विल्यम मिलर या मानसशास्त्रज्ञाने १९८३ मध्ये दारूच्या व्यसनाच्या संदर्भात ही पद्धत मांडली. बदलाची कारणे डॉक्टरच्या तोंडून येण्यापेक्षा रुग्णाच्या तोंडून यावीत, एवढेच तिचे सार आहे. ‘नातवाला कडेवर घेऊन जिना चढता येत नाही’ असे आजी स्वतः म्हणाल्या, तर त्याचे वजन किडनीच्या धाकापेक्षा जास्त.

नंतर एकच गोष्ट ठरवायची. ब्याऐंशी किलोंच्या मावशींना साठचे स्वप्न दाखवण्यात अर्थ नसतो. पाच टक्के, म्हणजे साधारण चार किलो उतरले तरी साखर, रक्तदाब आणि गुडघे यांत फरक दिसू लागतो. त्यासाठी या महिन्यात चहातली साखर निम्मी, किंवा रात्रीची एक पोळी कमी, किंवा प्रत्येक जेवणानंतर दहा मिनिटे चालणे, यांतले जे त्यांना जमेलसे वाटते ते. या शेवटच्या गोष्टीला आधार आहे. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या अभ्यासात दिवसातून एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा तिन्ही जेवणांनंतर दहा-दहा मिनिटे चालण्याने जेवणानंतरची साखर अधिक आटोक्यात राहिली. पहाटे पाचपासून उभ्या असलेल्या बाईला ‘रोज एक तास फिरायला जा’ सांगण्यापेक्षा हे ऐकवायला सोपे आहे. ज्या वस्तीत फुटपाथ नाही आणि अंधार पडल्यावर कुत्री मागे लागतात, तिथे घरातल्या घरातही ते होते.

आणि शेवटी, सांगितलेले उलट विचारून घेणे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सार्वजनिक रुग्णालयातील २००३ च्या अभ्यासात डॉक्टरांनी मधुमेहींना सांगितलेल्या नव्या गोष्टींपैकी फक्त १२ टक्के गोष्टी रुग्णाला कळल्या की नाही, हे तपासले होते. ज्यांच्याकडून डॉक्टरांनी विचारून घेतले, त्यांची साखर बऱ्या नियंत्रणात असण्याची शक्यता जास्त दिसली. ‘कळलं ना?’ या प्रश्नाला मराठीत एकच उत्तर आहे, ‘हो’. त्याऐवजी ‘घरी गेल्यावर सुनेला काय सांगाल?’ असे विचारले, की जेवणाआधीची गोळी जेवणानंतर आणि रात्रीची सकाळी झालेली असते.

इंजेक्शन विचारणारे रुग्ण

अलीकडे या संवादात एक नवा विषय आला आहे. आठवड्यातून एकदा घ्यायच्या, भूक कमी करणाऱ्या इंजेक्शनांची चर्चा आता मोबाइलमधून ओपीडीत पोचली आहे. टर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले आणि वजनासाठीचे सेमाग्लुटाइड त्याच वर्षी जूनमध्ये. चाचण्यांत मधुमेह नसलेल्या लठ्ठ व्यक्तींचे वजन सेमाग्लुटाइडने सव्वा वर्षात सरासरी १५ टक्के उतरले. मधुमेहींमध्ये ही घट काहीशी कमी असते. औषध खरोखर प्रभावी आहे, त्याला नाके मुरडण्यात अर्थ नाही. पण ते बंद केल्यावर वर्षभरात गमावलेल्या वजनातले दोन तृतीयांश परत आल्याचे त्याच चाचणीच्या पुढच्या भागात दिसले. मळमळ, उलट्या, पित्ताशयातील खडे आणि चरबीबरोबर स्नायूही घटणे, हेही सोबत येते. म्हणून पहिले इंजेक्शन टोचण्याआधीच ‘किती महिने परवडेल, आणि नंतर काय?’ हे बोलणे व्हायला हवे. ते न करता कर्ज काढून दोन महिने इंजेक्शन घेणारे आणि तिसऱ्या महिन्यात थांबणारे रुग्ण दिसू लागले, तर आश्चर्य वाटायला नको.

औषधाशिवायही आशा दाखवता येते, आणि ती मोजून दाखवता येते. स्कॉटलंड व उत्तर इंग्लंडमधील डायरेक्ट या चाचणीत सहा वर्षांच्या आत मधुमेह झालेल्या, इन्सुलिन न घेणाऱ्या लोकांना तीन ते पाच महिने रोज साधारण ८५० उष्मांकांचा आहार देण्यात आला, अर्थात देखरेखीखाली. वर्षअखेर ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होती. १५ किलो किंवा त्याहून अधिक वजन उतरवलेल्यांत हे प्रमाण ८६ टक्के होते. दोन वर्षांनी एकूण प्रमाण ३६ टक्क्यांवर आले, कारण काहींचे वजन परत वाढले. ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशा जाहिरातींना यातून काही मिळत नाही. पण नव्याने निदान झालेल्या चाळिशीतल्या माणसाला ‘आता जन्मभर गोळ्या’ याखेरीज दुसरेही एक वाक्य सांगता येते, हे मात्र खरे.

गर्दीचा उपयोगही करता येतो. इटलीतल्या तुरिनमध्ये एका मधुमेह केंद्राच्या पथकाने एकेकट्या भेटींऐवजी लहान गटांत रुग्णांना भेटण्याची पद्धत अवलंबली आणि पाच वर्षे तिचा पाठपुरावा केला. एकेकटे भेटणाऱ्यांची साखर या काळात हळूहळू वाढत गेली, गटांतल्यांची वाढली नाही. त्यांचे आजाराविषयीचे ज्ञान आणि जगण्याविषयीचे समाधानही अधिक होते. आपल्याकडे गट जमवावा लागत नाही, तो साडेनऊपासून बाकड्यावर बसलेलाच असतो. समुपदेशक, आहारतज्ज्ञ किंवा परिचारिका यांपैकी एकाने त्यातल्या दहा जणांना घेऊन अर्धा तास बसायचे ठरवले, तर डॉक्टरांची दोन मिनिटे फक्त औषधांसाठी आणि पायांसाठी मोकळी होतात.

तोवर रुग्णांनी आपल्या बाजूने काही गोष्टी कराव्यात. तपासणीला जाताना घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत, दुसऱ्या डॉक्टरांच्या, आयुर्वेदिक आणि बिननावाच्या पुड्यांसकट. थरथर, घाम आणि एकदम भूक असे कधी झाले, तो दिवस आणि वेळ केसपेपरच्या मागे लिहून ठेवावी. गोळ्या बंद केल्या असतील तर कधीपासून आणि का, हे डॉक्टरांनी विचारण्याआधी सांगून टाकावे. विचारायचा एकच प्रश्न घरून ठरवून न्यावा आणि तो स्टुलावर बसल्या बसल्या विचारावा, उठताना नव्हे. आणि चप्पल काढून दोन्ही तळवे दाखवावेत, कोणी दाखवायला सांगितले नसले तरी.